माझ्या स्वभावाला शोभेलसं गाणं

मी विलास तांबवेकर. सव्वीस वर्षं दिल्लीत काढली, तरी बसमध्ये धक्का मारून चढायला काही शिकलो नाही. दार आलं की मी बाजूला होतो आणि म्हणतो, "पहले आप." लोक जातातच हो! उलटून कोणी "नहीं, आप" म्हणायला थांबत नाही.

आमचं ऑफिस दोन हजार दोन साली कॅनॉट प्लेसमधून गुडगावच्या काचेच्या इमारतीत गेलं आणि पाठोपाठ आम्हीही पहाडगंज सोडून तिथल्याच एका सोसायटीत आलो. नव्या इमारतीबरोबर ममता आली, एचआरची. तिने फर्मान काढलं: फॅमिली डेला प्रत्येकाने आपल्या पर्सनॅलिटीला साजेसं गाणं निवडायचं आणि ते वाजत असताना खुर्चीपासून स्टेजपर्यंत चालत यायचं. वेळ तीस सेकंद.

माझी पर्सनॅलिटी! घरी सांगितलं तर गिरिजा, माझी बायको, पोळी लाटता लाटता हसली. "अंगाई लावा एखादी. ऑफिसात तेवढंच करता."

पण मला हे जमवायचंच होतं, कारण देवयानी येणार होती. आमची तेरा वर्षांची लेक. हल्ली ती शाळेच्या फाटकापर्यंत गाडीतून यायचीच नाही. "बाबा यार, इथे कोपऱ्यावरच सोडा ना." मी काय समजायचं ते समजलो होतो. आमची गाडी सेकंडहँड, आणि जुन्या मालकाने तिला रिव्हर्सची ट्यून बसवलेली. गाडी मागे घेतली की पिपाणी सुरू! मला गाडी लावायला आठ मिनिटं लागतात. त्यात पुढे कमी, मागेच जास्त. सोसायटीत नि ऑफिसात, दोन्हीकडे लोक मला त्या पिपाणीवरून ओळखतात. मग पोरीला लाज वाटेल नाही तर काय?

तेव्हा ठरवलं, एकदा तरी तिला ऐटीत चालणारा बाप दाखवायचा. आठवडाभर कॅसेटी ऐकून एक गाणं निवडलं: नगारे, तुताऱ्या, मध्येच घोड्यांच्या टापा. छाती पुढे काढून बाथरूम ते गॅलरी चालायची प्रॅक्टिस केली. मेकॅनिकलाही सांगून ठेवलं, सोमवारी ती ट्यून काढून टाक.

फॅमिली डेला माझं नाव पुकारलं. तुतारी वाजली. पहिली चार पावलं अशी टाकली की काय सांगू! पाचव्या पावलाला डायरेक्टरसाहेबांच्या मिसेस प्लेट घेऊन आडव्या आल्या. मी बाजूला झालो. "पहले आप." त्यांच्यामागे त्यांच्या सासूबाई. त्यांच्यामागे समोशांचा ट्रे घेतलेला वेटर. अहो, वेटरलासुद्धा मी "पहले आप" म्हटलं! तोवर घोडे दौडत निघून गेले आणि गाणं संपलं. मी अजून तिसऱ्या रांगेपाशीच.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी हळूच खुर्चीकडे मागे सरकायला लागलो. दोन पावलं मागे टाकली असतील नसतील, तोच कोणीतरी तोंडाने माझ्या गाडीची ट्यून सुरू केली. बघतो तर देवयानी! खुर्चीवर उभी, टाळ्यांचा ठेका धरून. ऑफिसातले सगळे लगेच सामील झाले. म्हटलं, संपलं, आता घरचाच भेदी. मागे जायची सोयच उरली नाही, म्हणून पुढे गेलो आणि स्टेजवर चढलो.

परतताना गाडी मीच चालवत होतो. देवयानीला म्हटलं, "सोमवारी काढतोय ती ट्यून. मग तुला लाज वाटायला नको."

"अहो, काढू नका ना!" देवयानी जवळजवळ ओरडलीच. "संध्याकाळी अभ्यासाला बसते तेव्हा माझं लक्ष तिकडेच असतं. ती वाजली की एकदम बरं वाटतं. कळतं, बाबा आले."

"मग शाळेपाशी कोपऱ्यावर का उतरतेस?"

"फाटकाशी तुम्ही गाडी पूर्ण वळवल्याशिवाय मला उतरूच देत नाही. आठ मिनिटं, बाबा! माझी प्रेयर चुकते."

गिरिजा खिडकीकडे तोंड करून हसत होती. मला पुढचा रस्ता जरा धूसरच दिसत होता.

त्या संध्याकाळी गाडी लावायला मी अकरा मिनिटं घेतली. त्यातली तीन मुद्दाम.