पावतीवरचं शिळं वजन

आर्वीजवळच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये मला पहिली नोकरी लागली, ती वजनकाट्याच्या खोलीत. बाबा त्याच आवारात हमाली करत. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. ज्या आवारात त्यांनी ओझी वाहिली तिथं मला खुर्ची मिळाली, हे मालकांचे, शेठजींचे उपकार मी विसरलेलो नाही.

कापसाची गाडी काट्यावर चढली की वजन तारेतून संगणकात यायचं आणि मी पायथन या संगणकभाषेत लिहिलेला प्रोग्रॅम इंग्रजीत पावती छापायचा. शेठजींना ती मराठीत हवी होती. मराठी अक्षरं छापणारी लायब्ररी, म्हणजे प्रोग्रॅमला जोडायचा तयार कोड, मी वर्ध्याहून सीडीवर आणली. तिला पायथनची नवी आवृत्ती लागे. नव्या आवृत्तीवर वजन वाचणारी जुनी लायब्ररी चालेना, म्हणून तिचीही नवी प्रत घ्यावी लागली.

चालत्या कामाला हात लावायचा नाही, असं कॉलेजातल्या सरांनी बजावलं होतं. म्हणून सगळं नवं मी वेगळ्या फोल्डरमध्ये टाकलं, जुनं जागच्या जागी ठेवलं. एकेक एरर निस्तरत अखेर मराठी पावती निघाली.

"वा बेटा! आता हेच चालू ठेव," शेठजी म्हणाले. "बाहेर लाइन लागून राह्यली."

दोन-तीन गाड्या गेल्यावर मी वजन दाखवणाऱ्या काट्याच्या डब्याकडे पाहिलं. तिथला आकडा आणि पावतीवरचा आकडा जुळत नव्हता. फरक पाऊण क्विंटलचा. पुढच्या गाडीला जुळला, त्यापुढच्या गाडीला पुन्हा चुकला. एरर कुठंच नव्हती. प्रोग्रॅम बंद पडला असता तर निदान सगळ्यांना दिसलं असतं.

मी काम थांबवलं.

"शेठजी, वजन चुकते. जुन्यावर जाऊ द्या."

"म्हणजे जमत नाई तुले? नागपूरचा माणूस बोलावू का?"

खिडकीशी बाबा आले, खांद्यावर पोतं तसंच. हळूच म्हणाले, "शेठले उलटून बोलू नको रे. माह्याबी काम जाईन."

बाहेर ट्रॅक्टरवाले हॉर्न वाजवत होते. मान खाली घालून मी जुना प्रोग्रॅम सुरू केला आणि चुकलेल्या गाड्या रिकाम्या व्हायच्या आधी परत काट्यावर घ्यायला सांगितलं. इंग्रजी पावती निघाली. शेठजी निघून गेले.

दुपारी आवार रिकामं झाल्यावर कारण सापडलं. नवी लायब्ररी आलेले आकडे साठवून ठेवी आणि जुना आकडा आधी देई. गाडी काट्यावर हलत असतानाचं वजन पावतीवर उतरत होतं. वाचण्याआधी साठा रिकामा करणारी ओळ मी घातली. मग एकच ट्रॅक्टर काट्यावर पुन्हा पुन्हा चढवून पाहिला. आकडे जुळत गेले.

घरी जाताना बाबांनी विचारलं, "शेठ काई बोलला?"

"नाई."



दुसऱ्या दिवशी सकाळी मी नवा प्रोग्रॅम लावला, तसे शेठजी चष्मा लावून काट्याच्या डब्याजवळ उभे राहिले. प्रत्येक पावती ते डब्याशी ताडून पाहत होते, आणि मी त्यांचा चेहरा. बऱ्याच गाड्या गेल्यावर म्हणाले, "चालू दे मराठीत."

बाहेर बाबांनी नवं पोतं उचललं. जुना फोल्डर मात्र मी तिथं होतो तोवर पुसला नाही.