पऱ्हाटीच्या काडीवरचे बूट

माझे बूट पाटलाच्या गड्यानं हातानं उचलले नाहीत. पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची वाळकी काडी आणली, एकेका बुटात खुपसली अन् मेलेला उंदीर न्यावा तसे अंगणातून नेऊन उकिरड्यापाशी टाकले. ओसरीवर गावातल्या बाया बसल्या होत्या. सगळ्यांनी पाह्यलं. एक जण तोंडात पदर कोंबून हसली.

पाटलीण म्हणाली, "बाई, सफाई शिकवायले आल्या तुम्ही, अन् तुमच्याच बुटाले असा वास? आधी सोता शिका, मंग आमाले शिकवा."

मी ग्रामसेविका होती. महाराष्ट्र नवा नवा झाला होता. तालुक्याच्या ब्लॉक कचेरीतून आमाले गावोगाव पाठवत. महिला मंडळ भरवायचं, बायांले शिवणकाम, लेकरांची निगा, घरची सफाई शिकवायची. बीबी नावाच्या गावाले एका खोलीत मी अन् माझी माय राहत होतो. तिथून या गावाले मी पायी जायची. मंडळ पाटलाच्या ओसरीवर भरे, कारण पाटलीण म्हणेल तरच बाकीच्या बाया घराबाहेर निघत. तिचं मन मोडलं की मंडळ मोडलं, अन् मंडळ मोडलं की माझ्या नोकरीवर गदा. आमच्या अख्ख्या मोहल्ल्यात पक्की नोकरी लागलेली मी पह्यलीच बाई होती.

मोहल्ला म्हणजे गावकुसाबाहेरचा. ते इथंच सांगून टाकते. आमच्या गावी पाटलाच्या घरापुढून जाताना माझी माय वहाणा काढून हातात घ्यायची. तिची मायही घ्यायची. मी शिकली, सरकारची बाई झाली, पांढरी साडी अन् कॅनव्हासचे बूट घालून निघाली. मले वाटलं, आता ते सरलं.

म्हणून त्या दिवशी मले राग आला नाही. लाज आली. पावसाळ्याचे दिवस होते, वाटेत काळ्या मातीचा चिखल, बूट दिवसभर ओले राहत. वास होताच. खोटं कशाले बोलू? ओल्या कॅनव्हासले वास येणारच. मी उकिरड्यावरून बूट उचलले अन् घरी येऊन कामाले लागली.

काय नाही केलं मी त्या बुटांले. रिठ्याच्या पाण्यात भिजवले, घासले, उन्हात उलटे टांगले. ऊन नसलं तर चुलीशेजारी ठेवले. ज्वारीत घालतो तसा कडुनिंबाचा पाला आत कोंबला, तर तो ओलाव्यानं कुजला अन् वास दुप्पट झाला. तुरटीचं पाणी, लिंबाच्या साली, खायचा सोडा. माय एक दिवस म्हणाली, "अवं, बूट हायेत का लोणचं? किती मुरवतं त्याले?" मी हसली नाही. मी बुटात नाक घालून बसली होती.

पुढच्या वेळी धुतलेले बूट घालून गेली. काडी आली. त्याच्या पुढच्या वेळी गेली, पुन्हा काडी. मी पायरीपाशी बूट काढायची अन् मान खाली घालून ओसरीच्या कोपऱ्यात बसायची. बाकीच्यांच्या चपला पायरीपाशी रांगेत. माझे बूट उकिरड्यापाशी. मी बायांले सांगून राह्यली, लेकराले जेवायच्या आधी हात धुवायले लावा, अन् पाटलीण नाकाले पदर लावून माझ्याकडे पाहून राह्यली. मंग मंडळ उठलं की उकिरड्याशी उभी राहून, सगळ्यांच्या नजरेपुढे बूट घालायचे.

शेवटी मी वेड्यासारखं एक केलं. मनाशी म्हटलं, भिंतीले चुना लावला की घर कसं साफ वास देते. मी राखेत चुना मिसळला, बुटात भुरभुरवला अन् तसेच घालून निघाली. पाय घामेजले, चुना पेटला. निम्म्या वाटेवर तळव्याची कातडी सोलून निघाली. बांधावर बसून रडली. मंग तसल्याच पायानं गेली. गडी काडी घेऊन उभाच होता.

तो वास माझ्या डोक्यात शिरला. भाकर थापता थापता हात नाकापाशी न्यायची. एसटीत शेजारची बाई जरा सरकली की मी पाय बाकाखाली ओढून घ्यायची. झोपेत वास यायचा, उठून बूट दाराबाहेर ठेवायची, मंग कुत्रं नेईल म्हणून आत आणायची. माय हे सगळं पाहायची. एक दिवस तीच म्हणाली, "नवे घेऊन टाक, पोरी. एकदाचं तोंड बंद होईल तिचं."

मेहकरच्या बाजारातून नवे बूट आणले. घालून नाही गेली. डबा पिशवीत घातला, जुन्या चपलेवर गावाच्या शिवेपर्यंत गेली, विहिरीवर पाय धुतले, पदरानं पुसले अन् तिथं नवे बूट चढवले. रबराचा कोरा वास होता त्यांले. दुसरा कोणताच नव्हता.

मी फाटकातून आत आली तेव्हा पाटलीण पायरीवरचे पाटलाचे जोडे भिंतीशी लावून राह्यली होती. शेतातून आलेले, शेणाचिखलानं भरलेले. माशा घोंगावत होत्या. तिनं ते हातानं उचलले. मंग वर पाह्यलं, माझ्या तोंडाकडे. पायाकडे पाह्यलंच नाही. त्याच हातानं पदर नाकाले लावला.

माझे बूट तिनं पाह्यलेही नव्हते, अन् तिले वास आला होता.

मी तिथंच उभी राह्यली. इतके दिवस घासलेले बूट, सोललेले पाय, सगळं एकदम समजलं. तिच्या नाकाले बूट लागतच नव्हते. मी लागत होती. शिवाशिवीविरुद्ध कायदा झाला होता, सरकारच्या बाईले तोंडावर जात काढून हाकलता येत नव्हतं. म्हणून हे वासाचं निमित्त. अन् मी येडी, ते निमित्त घरी नेऊन धूत बसली होती.

गडी काडी घेऊन आला. "काडी राहू दे, भाऊ," मी म्हटलं. बूट माझ्या हातानं काढले अन् बायांच्या चपलांच्या रांगेत ठेवले.

"तिथं नको," पाटलीण म्हणाली. "वास येते."

"हातात घेऊन पाहा. आजच डब्यातून काढले."

"नव्याले बी येते."

"काऊन?"

तिनं गड्याकडे पाह्यलं.

"कोऱ्या बुटाले काऊन वास येते, पाटलीणबाई? या बायांपुढं सांगा."

"तुले मालूम नाही का काऊन?"

"मालूम आहे. तुमच्या तोंडून ऐकायचं आहे."

तिचा चेहरा लाल झाला. तिनं फाटकाकडे बोट दाखवलं. मंग म्हणाली, "निघ माझ्या अंगणातून."

मी पायरीवर बसली, बूट चढवले, नाड्या नीट बांधल्या. बायांकडे एकेकीकडे पाह्यलं. एकही उठली नाही. पह्यल्या दिवशी जी हसली होती तिनं मान खाली घातली. मी निघाली.

मंडळ मोडलं. ब्लॉकचे साहेब म्हणाले, "बाई, गावात काम करायचं म्हणजे थोडं समजून घ्यावं लागते." महिन्याभरात माझी बदली घाटाखाली केली. माय रडली. "कशाले बोलली वं? नोकरी गेली असती म्हणजे?" तिची भीती खोटी नव्हती. मलेही भीती वाटत होती.

आता मी म्हातारी झाली. वास मात्र गेला नाही, तो खोटा आहे हे समजूनही. कोणाच्या दारात उभी राह्यली की अजूनही माझं नाक आधी खाली जाते. हे मी मेल्यावरच सुटेल, अन् मले त्याचा संताप येते. एका बाईनं पदर उचलला अन् माझ्या जन्माले हे लावून दिलं. तिले मी माफ केलेलं नाही. करणारही नाही.

पण त्या दिवसापासून मी कोणाच्या नाकासाठी काही धुतलं नाही. पुढं घाटाखाली, नोकरीत, शेजारात, सोयरिकीच्या बोलण्यात निमित्तं लई आली. कुठं पाण्याच्या माठाचं, कुठं देवघराचं, कुठं भाड्याच्या खोलीचं. प्रत्येक ठिकाणी मी चारचौघांत उभी राहून एकच विचारते: काऊन? लोक म्हणतात, बाई भांडखोर आहे. म्हणू द्या. जे मनात आहे ते त्यांच्या तोंडून निघेपर्यंत मी दारातून हलणार नाही.