मोरीतला नळ

मंडळी, आज चुकलंच माझं.

माझी सून लीना पहाटे जर्मनीहून पहिल्यांदाच आमच्या घोडपदेवच्या चाळीत आली. पाहुण्याला एकटं सोडायचं नाही, म्हणून आल्यापासून कुणी ना कुणी तिला चिकटून बसलेलं. अख्खा मजला येऊन बघून गेला.

नाश्त्यानंतर ती मोरीत गेली, ती बाहेरच येईना. आत नळ सुरूच.

मुलगा म्हणाला, "आई, अंघोळ करत असेल गं."

अंघोळ नव्हती ती. लग्न होऊन कोकणातून इथे आले, तेव्हा मीही असाच नळ सोडून रडायचे.

सगळ्यांना खोलीबाहेर काढलं, भरदिवसा दार ओढून घेतलं आणि गॅलरीत उभी राहिले. शेजारची सुमन धावत आली, "काकू, काय झालं? दार का बंद?"

काय सांगणार तिला? स्वतः सोसलेलं माणूस इतकं कसं विसरतं हो?