शेवटच्या पानावरचा गोंद
साडीवर खडे चिकटवायच्या गोंदाचा वास आला की माझं डोकं अजून तापतं. पांडेसऱ्याच्या कामगार वस्तीतल्या आमच्या खोलीत आई आणि शेजारणी दुपारभर ते काम करायच्या, आणि मी त्यांना कादंबरी वाचून दाखवायचे. तळ्यातला यक्ष एका मुलीवर जीव टाकतो, तिला महाल देतो, पण माहेरी जाऊ देत नाही; शेवटी ती त्याचे दागिने काठावर ठेवून निघून जाते. ते ऐकताना सगळ्यांचे हात थांबले होते. मग एका रविवारी भाड्याच्या व्हिडिओवर त्याच कादंबरीचा सिनेमा पाहिला, आणि त्यात ती मुलगी यक्षाच्या पाया पडून माफी मागत परत आली! मी संतापले, तर त्यातली एक शेजारीण मलाच म्हणाली, "पिक्चरवाले खोटं दाखवतील का? तूच मनानं जोडून वाचलं." मी पुस्तक आणून शेवटचं पान उघडून तिच्यापुढे आपटलं, पण त्या बायकांपैकी वाचता कुणालाच येत नव्हतं, आईलाही नाही. तरी आईनं गोंदानं माखलेलं बोट त्या पानावर दाबलं, शेजारणीकडे डोळे वटारले आणि म्हणाली, "जास ती. आठे लिखेल शे." जाते ती, इथं लिहिलंय. आजही कुणी त्या सिनेमाचं कौतुक केलं की मी ते पान काढून दाखवते. गोंदाचा डाग अजून तिथेच आहे, गोष्टीच्या ओळींखाली, छापखान्याच्या पत्त्यावर.