दार उघडं आहे म्हणणारीच चोर

वाचनालयात पेपर चाळायला येणाऱ्या मंडळींनो, आज डोकं फार तापलंय, म्हणून एसटीतून उतरून थेट हा कागद फळ्यावर लावतोय.

ओरोसला आमच्या ऑफिसात दोन महिन्यांपूर्वी कॉम्प्युटर आला. चपला बाहेर काढून आत जायचं. रोज सकाळी साहेब त्याला हार घालतात, आपल्या ग्रामदेवतेचं नाव घेऊन मोठ्याने गाऱ्हाणं घालतात, आम्ही 'होय म्हाराजा' म्हणतो. मग तेच नाव ते परवलीचा शब्द म्हणून टाइप करतात आणि यंत्र उघडतं.

आज टायपिस्ट शैलाताईंनी भर मीटिंगमध्ये सांगितलं, "साहेब, हा शब्द सगळ्या ऑफिसला ठाऊक आहे. कोणीही आतल्या याद्या बदलेल." साहेब हसले. तेव्हा ताईंनी सगळ्यांसमोर यंत्र उघडून दाखवलं.

तासाभरात त्यांच्या हातात मेमो. वर पोलिसांत तक्रार, की सरकारी यंत्रात चोरून शिरल्या. आणि चारचौघांत बोलल्या म्हणून ऑफिसची बदनामी केल्याचा ठपका वेगळा!

"दार उघडा आसा म्हणान सांगितलंय, तर माकाच चोर ठरवल्यानी," ताई मला म्हणाल्या.

संध्याकाळी साहेबांनी शब्द बदलायचं ठरवलं. त्याआधी दुसऱ्या देवाला गाऱ्हाणं घातलं, नेहमीसारखंच मोठ्याने. आम्ही सगळ्यांनी नाव ऐकलं, 'होय म्हाराजा' म्हटलं.

या वेळी सांगायला कोणीच उठलं नाही. मीही नाही.

तुम्ही उठला असतात?