बन्सीचा गूळ

मुकुंदवाडी स्टेशनच्या मागं आमचा पत्र्याचा कारखाना होता. कारखाना आपलं म्हणायचं, खोल्या दोनच. एकीत मी, शफीक, काचेवर स्टिकर चिकटवून ब्लेडनं मोर, वेली, गणपती कापायचो. दुसऱ्या बंद खोलीत माझा जोडीदार बन्सी कॉम्प्रेसरची बंदूक धरून त्यावर वाळू मारायचा. स्टिकर कापलेलं असेल तेवढीच काच दुधासारखी पांढरी व्हायची. ग्रॅनाइटच्या पाट्यांवर नावंही तशीच कोरायचो. गिऱ्हाईक म्हणायचं, "वा शफीकभाई, काय मोर काढलाय!" पिसारा उठवणारा माणूस तोंडाला उपरणं गुंडाळून आत खोकत असायचा, त्याचं नाव कुणी घेत नसे. मीही घेत नव्हतो, हे आधीच सांगून टाकतो.

बन्सी कन्नड तालुक्याकडचा. हात असा हलका, की मोराची मान जराशी खरवडून सोडायचा आणि पिसारा खोल उतरवायचा. संध्याकाळी बाहेर यायचा तेव्हा भुवया, पापण्या, सगळं पांढरं. मी त्याला गिरणीवाला म्हणून चिडवायचो. घरी गेला की त्याची बायको सरूबाई आधी त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवायची, मग चहा. गुळानं छातीतली धूळ उतरते असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो. ढेप ती माहेराहून, कन्नडच्या बाजारातून आणायची.

सत्त्याण्णव साली मी एकदा तोंडाला लावायचा मास्क आणला होता. त्याच्या पट्ट्यानं बन्सीचे गाल सोलले. सरूबाई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या ते, शफीकभाऊ. गूळ हाये की." मास्क खुंटीला गेला. काम भरभर व्हायला लागलं, म्हणून मीही गप्प बसलो.

पुढं खोकला थांबेना. टीबीच्या गोळ्या दोनदा झाल्या. शेवटी मी त्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी छातीचा फोटो उजेडाला धरला आणि काम काय करता ते विचारलं. म्हणाल्या, "हा टीबी नाही. फुफ्फुसात वाळू बसलीय. ती आता निघत नाही."

मी गुळाचं विचारलं.

"गूळ पोटात जातो हो. फुफ्फुसात कसा जाईल?"

एवढी साधी गोष्ट! इतकी वर्षं आमच्या एकाच्याही डोक्यात आली नव्हती. माझी मलाच लाज वाटली.

बाहेर बाकावर बन्सी दम घेत म्हणाला, "शफीकभाई, सरूला यातलं काय बी सांगू नका. मास्क आपुनच सोडायला लावला म्हनून ती जन्मभर सवताला खात ऱ्हाईल. माझी आन हाये तुमाला."

मी शब्द दिला. नंतर दोन वर्षं तो घरीच होता, आणि मग गेला. बेचाळीस वर्षांचा होता.

महिनाभरानं सरूबाई दिराला, सांडूला, घेऊन कारखान्यात आली. तिशीतला धडधाकट माणूस.

"याला बंदुकीवर लावा, भाऊ. घर चालाया पायजे."

मी म्हणालो, काम कमी आहे. तिनं भिंतीला टेकवलेल्या काचांकडे पाहिलं. मी म्हणालो, पुढच्या महिन्यात बघू. तिचा आवाज चढला. "लई वर्षं राबला तुमच्याकडं मानूस. आता आमी जड झालो व्हय? याच्या तब्येतीची काळजी करू नका. ढेप हाये घरात. त्यांच्यावानी यालाबी रोज देईन."

बन्सीची आण माझ्या जिभेवर होती आणि सांडू माझ्यासमोर उभा होता. मी आण मोडली. दवाखान्यात काय कळलं ते सगळं सांगितलं, गुळासकट.

सांडू खाली बघत राहिला. सरूबाईनं विचारलं,

"त्यांला ठावं व्हतं?"

"व्हय, भाभी."

"कवापासून?"

"दोन वर्षं."

"आन तरी रोज खात व्हते?"

ती उंबऱ्यातच बसली.

"शेवटच्या दिशी नगं नगं म्हनत व्हते, भाऊ. घशाखाली उतरत नव्हता. मी रागं भरले, तवा खाल्ला."