खारट पेटी

मी आयुष्यात स्वतःच्या हातांनी तीन हत्यारं आणि ती ठेवायला एक पेटी बनवली. तिन्ही हत्यारं आठ दिवसांत पार गंजली. पेटीच्या बिजागऱ्या तर पाचच दिवसांत!

आता विमा कंपनीत टेबलामागे बसणाऱ्या माणसाला सुतारकामाची खाज का सुटावी? तर त्याला कारण माझी सासुरवाडी. सुरेखाचं, म्हणजे बायकोचं माहेर पेणकरपाड्यात. पिढीजात मिठागरवाली माणसं. मिठागरं गेली, घराच्या जागी चार मजले उभे राहिले, पण दसऱ्याला हत्यारांची पूजा अजून तश्शीच होते. पाटावर माझ्या सासऱ्यांची, म्हणजे आबांची मीठ ओढायची फळी, कोयता, मेहुण्याच्या टेम्पोचे पाने आणि दरवर्षी माझा कॉम्प्युटरचा माऊस! तो पाटावर आला की झाडून सगळे मेहुणे तोंडाला रुमाल लावतात. एका वर्षी तर आबांनी त्याला इतकं हळदकुंकू लावलं, की तो कायमचा बंद पडला.

गेल्या वर्षी मी जाहीर केलं, "यंदा माऊस नाही! मी हत्यारं ठेवणार. आणि विकतची नाही, स्वतः बनवलेली!"

"अहो, आधी किचनच्या कपाटाचं दार बसवा," सुरेखा म्हणाली. "गणपतीपासून लोंबतंय."

पण मी मोबाईलवर भरपूर व्हिडिओ बघितले होते. खरा कारागीर म्हणे स्वतःचा रंधा स्वतः बनवतो. मी यादी केली. लाकूड तासायला छोटा रंधा, काटकोन बघायला गुण्या, कोरायला पटाशी आणि एक पेटी. लोखंडी पाती तेवढी दुकानातून (तेवढं चालतं हो!), बाकी लाकूडकाम माझं.

लाकडाचा प्रश्न मेहुण्याने, नरेशने सोडवला. "दाजी, आमच्याकडे रंगाचं काम चाललंय. रंगाऱ्यांनी माळ्यावर जुनी लाकडं कोंबलीत. पाहिजे ते घेऊन जा ना!"

माळ्यावर मला गोणपाटात गुंडाळलेली एक काळीशार, जड फळी सापडली. मधोमध भोक होतं. भोक तेवढं टाळलं की झालं, असं म्हणून मी ती रिक्षात घालून मीरा रोडला, आमच्या पूनम सागर कॉम्प्लेक्समधल्या घरी आणली. दसऱ्याला तीन आठवडे होते.

काय टणक लाकूड होतं ते! करवतीचे दात गेले आणि जोर लावताना आवळून आवळून माझेही दुखायला लागले. बाल्कनीत रोज संध्याकाळी नुसतं खर्र खर्र. वरच्या मजल्यावरचे जिग्नेशभाई ओरडायचे, "अरे साहब, ये कौनसी फॅक्टरी डाली है?" त्यांना गप्प करायला मी पिशवीभर भुसा दिला, कुंड्यांत घालायला. चौथ्या दिवशी ते पिशवी घेऊन दारात हजर.

"आपका भूसा आपही रखो! एक मुठ्ठी डाला, मेरा मोगरा जल गया!"

लोकांना फुकटचं पचत नाही, असं म्हणून मी पिशवी बाल्कनीत ठेवून दिली.

इकडे हत्यारं तयार झाली, पण पाती आज चकाचक घासून ठेवावीत, तर उद्या तांबडी. तेल लावलं, तरी तांबडी. पेटीत बंद करून ठेवली, तर आणखीनच तांबडी!

"खाडीची हवा," मी सुरेखाला समजावलं. "मीरा रोडला लोखंड टिकतच नाही."

"मग माझा तवा कसा टिकतोय?"

मी पॉलिश पेपर घासत राहिलो.

दसऱ्याच्या सकाळी नवा कुर्ता घालून, पेटी छातीशी धरून मी पेणकरपाड्यात पोचलो, तर घरात हलकल्लोळ! आबांची मीठ ओढायची फळी सापडत नव्हती. रंगाच्या वेळी दांडा आणि फळी वेगळी केली होती म्हणे.

"माज्या बापाच्या हातची फली!" आबा ओरडत होते. "दांडा हाय, फली न्हाय! तिच्याबिगर पूजा न्हाय व्हनार!"

सगळे शोधायला लागले. मीसुद्धा! पलंगाखाली सरपटत गेलो, रंगाऱ्याच्या नावाने सगळ्यांत जास्त शिमगा मीच केला. (दरवर्षी दांड्यासकट, झेंडूच्या ढिगाखाली बघितलेली वस्तू गोणपाटात नुसती फळी म्हणून ओळखायची कशी, तुम्हीच सांगा!)

आबांचा चेहरा बघवेना. त्यांचं लक्ष जरा दुसरीकडे वळावं म्हणून मी पेटी उघडली. "आबा, हे बघा! यंदा माझी हत्यारं. स्वतः बनवली!"

आबांनी रंधा उचलून उलटा केला. "कवा बनवला?"

"झाले आठ दिवस."

"आठ दिसात येवढा गंज?"

"खाडीची हवा, आबा."

"जावईबापू, माजा जनम खाडीवं गेला."

आणि आबांनी रंध्याच्या लाकडाला जीभ लावली! मग पेटीला लावली. म्हणाले, "खारट हाय."

नरेशने गुण्या चाटला. सासूबाईंनी पटाशीची मूठ चाटली. सुरेखाने पेटीचं झाकण चाटलं आणि माझ्याकडे नुसतं बघितलं. पंचवीस वर्षांच्या संसारात तिने असं कधी बघितलं नव्हतं.

"घामाचं असेल," मी म्हणालो. "खूप घाम गाळलाय मी."

कोणीच हसलं नाही. आबा मटकन खाली बसले. "आगराची येवढीच वस्तू उरली व्हती," ते हळूच म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डोळ्यांत खरंच पाणी आलं. मी त्यांचे पाय धरले. "आबा, चुकलो."

आबांनी पाटावर रंधा ठेवला, त्याला लागून गुण्या, मग पटाशी, शेवटी पेटी. जरा सरकवून, जुळवून बघितलं.

"बाकीची कुठं हाय?"

"भुसा झाला, आबा."

"भुसा हाय?"

"बाल्कनीत. पिशवीत."

"आना."

तसाच उठलो, रिक्षा केली आणि पिशवी मांडीवर घेऊन परत आलो. भुसा पितळेच्या ताटात ओतला गेला आणि पाटाच्या बरोब्बर मध्ये विराजमान झाला. आबांनी सगळ्याला हळदकुंकू वाहिलं, नाक पुसलं आणि मला म्हणाले, "तिला येक हार पुरायचा. आता पाच लागतील. दर वर्साला तुमी आनायचे."

पेटी, हत्यारं, भुसा, सगळं आबांनी ठेवून घेतलं. यंदाच्या दसऱ्याला मी पाच हार आणि माझा माऊस घेऊन मुकाट गेलो. माऊस पाटावर ठेवणार, इतक्यात आबांनी हात पुढे केला. तो घेतला, उलटा केला, डोळ्यांजवळ नेला आणि सगळ्यांदेखत त्याला जीभ लावली.

"ठेवा," ते म्हणाले. "ह्यो तुमचाच हाय."